हंगामी प्रमुखाचं सुरक्षित वायरलेस

आमच्या ऑफिसातलं वायरलेस बदलायची कल्पना माझ्या डोक्यातून निघाली, अशी एक अफवा आमच्या गल्लीत अजून फिरते आहे. ती साफ खोटी आहे. माझ्या डोक्यातून इतकी वर्षं काही निघालेलं नाही, हे आमचे महाव्यवस्थापक अबू रकान दर बैठकीत चारचौघांसमोर सांगतात, निदान त्यांच्यावर तरी लोकांनी विश्वास ठेवायला हवा. कल्पना आली ती एका पत्रातून, आणि ते पत्र आलं आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडून.

आमची 'अल-बैदर' कंपनी अम्मानमध्ये लोकांच्या आरोग्यविम्याची बिलं तपासते. कुणाला मूतखडा झाला, कुणाचा गुडघा बदलला, कुणी नाक सरळ करून घेतलं आणि कागदावर सायनस लिहिलं, हे सगळं आमच्याकडे येतं. लोकांची एवढी दुखणी ज्या हवेतून इकडून तिकडे जातात ती हवा सुरक्षित आहे का, असं त्या रुग्णालयवाल्यांनी विचारलं होतं. नव्या पिढीचं वायरलेस बसवा, सगळ्यांना मिळून एक पासवर्ड हा प्रकार बंद करा, प्रत्येक माणसाला आणि यंत्राला स्वतःची ओळख द्या, आमचा तपासनीस येऊन बघेल, आणि नापास झालात तर करार संपला. भाषा सभ्य होती, पण अर्थ हाच होता.

अबू रकाननी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला. "अबू लैथ, हे तुझं खातं."

माझं पाळण्यातलं नाव नझमी आहे, पण मुलगा झाल्यापासून मी सगळ्या जगाला अबू लैथ, म्हणजे लैथचा बाप. माझं खातं मात्र अजून पूर्णपणे माझं नव्हतं. माझ्या टेबलावरच्या पाटीवर 'प्रमुख, संगणक विभाग (हंगामी)' असं लिहिलेलं होतं. माझ्या आधीचे प्रमुख मुलाला भेटायला स्वीडनला गेले आणि ते परत येईपर्यंत मला बसवलं. ते तिकडचे नागरिक झाले, तिकडेच निवृत्त झाले, आता बर्फात मासे धरतानाचे फोटो पाठवतात. मी अजून त्यांची जागा धरून बसलो होतो. दर शुक्रवारी सासऱ्यांकडे मन्सफ जेवायला बसलं, की माझ्यापुढे मटणाचा तुकडा सारताना सासरे विचारायचे, "अजून हंगामीच का रे?" तो तुकडा घशाखाली उतरवणं किती अवघड असतं, हे ज्याला असे सासरे आहेत त्यालाच कळेल.

"हे काम पार पाड," अबू रकान म्हणाले, "तो शब्द काढून टाकू."

हिशेब विभागातल्या सित फिर्याल, म्हणजे फिर्यालबाई, तेव्हा खोलीत होत्या. त्यांनी हे ऐकलं. मी मुद्दाम त्यांच्याकडे बघून घेतलं.

कुठल्याही मोठ्या कामाची सुरुवात पाहणीनं होते. मी लॅपटॉप उघडा धरून इमारतभर हिंडलो, आमची लहर कुठं पोचते आणि तिच्यावर कोण कोण बसलंय ते बघायला. लुवैब्देच्या चढावर आमची जुनी दगडी इमारत आहे. भिंती अशा जाड, की शेजारच्या खोलीत शिंकलेलं ऐकू येत नाही. लहर भिंतीतून जात नव्हती, पण खिडकीतून मात्र झोकात बाहेर पडत होती. आणि तिच्यावर आमच्या माणसांच्या चौपट मंडळी बसली होती. यंत्रांची नावं वाचत गेलो. 'नुअमान सलून टीव्ही'. 'न्यायमूर्तींचा फोन'. 'उम्म वदीअ'. 'थकलेला सिंह'. हा थकलेला सिंह कोण, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

यात चोरी कुणाचीच नव्हती. आपल्याकडे आलेल्या माणसाला चहा विचारतात, तसा पासवर्ड सांगतात. पासवर्ड होता अबू रकानच्या थोरल्याचं नाव, म्हणजे रकान, आणि पुढे एक दोन तीन. खालच्या सलूनवाल्या नुअमाननं कधीतरी माझे केस कापता कापता विचारला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त न्यायाधीश अबू मुनीफ जिन्यात भेटले, त्यांना सित फिर्यालनी दिला. तिसऱ्या मजल्यावरच्या उम्म वदीअ, म्हणजे वदीअची आई, एकट्या राहतात. त्यांच्या टॅब्लेटमध्ये तर मी स्वतः घालून दिला होता, कारण त्यांची नात मॉन्ट्रियलहून रोज संध्याकाळी त्यांना तोंड दाखवते. त्यानंतर त्यांनी मला मरमिय्याची सुगंधी पानं घातलेला चहा पाजला आणि दोन्ही खिशांत बदाम कोंबले. आता यात सुरक्षा कुठं मोडली ते तुम्हीच सांगा.

पण मी आराखडा केला. छतात बसवायच्या पांढऱ्या थाळ्या, प्रत्येकाच्या फोनमध्ये डिजिटल ओळखपत्र, ज्या म्हाताऱ्या यंत्रांना नवी भाषा कळत नाही त्यांना वेगळी खोली, आणि काही बिघडलं तर माघारी कसं यायचं त्याचं एक प्रकरण. अबू रकाननी तेवढंच प्रकरण वाचलं.

"लढाईला निघायच्या आधीच पळायचा रस्ता लिहून ठेवलायस?"

"साहेब, असं लिहावं लागतं. शास्त्र आहे."

"माझ्या आजोबांनी असं शास्त्र लिहिलं असतं तर आमच्याकडे आज एक बकरी उरली नसती." ते पान त्यांनी फाडलं. पुढं काय काय झालं ते बघता आमच्याकडे ते पान असायला हवं होतं, असं मी नम्रपणे नमूद करतो.

पाहुण्यांच्या जाळ्यावरून आमचं दुसरं वाजलं. शास्त्राप्रमाणे पाहुण्यांना वेगळं जाळं द्यायचं, आणि त्यात शिरताना पडद्यावर तीन प्रश्न विचारायचे: आपण कोण, कुणाकडे आलात, किती वेळ थांबणार.

अबू रकान खुर्चीतून उठले. "माझ्या दारात आलेल्या माणसाला विचारायचं, तू कोण?"

"पडदा विचारणार, साहेब. आपण नाही."

"पडदा कुणाचा? माझा! अरे, आमच्याकडे पाहुण्याला तीन दिवस खाऊ-पिऊ घालतात आणि मग नाव विचारतात. आणि किती वेळ थांबणार? हे तर सासूलासुद्धा विचारत नाहीत!"

मी प्रश्न काढले. मग गिऱ्हाइकाचे नियम उघडून बघितले. प्रश्न न विचारता पाहुण्याला आत घेतलं तर आम्ही नापास होत होतो. शेवटी मी पाहुण्यांचं जाळंच काढून टाकलं. तांत्रिक भाषेत याला तडजोड म्हणतात. साध्या भाषेत याला काय म्हणतात ते मला पुढं गल्लीनं सांगितलं.

थाळ्या मागवल्या. त्या नवा रेडिओ-पट्टा वापरतात, म्हणून त्या कस्टममधून सोडवायला परवानगी हवी. मी एक नमुना पिशवीत घालून संबंधित कार्यालयात गेलो. तिथल्या गृहस्थांनी थाळी उलटीसुलटी केली.

"अँटेना कुठंय?"

"आत आहे."

"दाखवा."

"उघडली तर हमी जाते."

"न उघडता मी कसं लिहू की आहे म्हणून?"

"मग नाही म्हणून लिहा."

"नसेल तर परवानगी कशाला हवी? आलात कशाला?"

एवढं तर्कशुद्ध संभाषण मी विद्यापीठातसुद्धा केलेलं नाही. शेवटी त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला, माझं आडनाव विचारलं, माझ्या आत्याच्या नवऱ्याचे ते लांबचे नातेवाईक निघाले, आणि अर्जावर कंपनीचा शिक्का आणा, मग बघू, म्हणाले. कंपनीचा शिक्का अबू रकानच्या भावाच्या खिशात असतो. भाऊ उमऱ्याच्या यात्रेला गेला होता. मक्केत काबेभोवती प्रदक्षिणा घालणाऱ्या माणसाला फोन करून शिक्का कुठं ठेवलाय असं विचारणं बरं दिसत नाही. अबू रकाननी विचारलं. शिक्का भावाबरोबर मक्केतच होता.

मधल्या काळात गल्लीला बातमी लागली आणि सल्ले सुरू झाले. नुअमान म्हणाला, नव्या लहरींनी केस गळतात, त्याच्या धंद्याचं काय? न्यायमूर्ती अबू मुनीफ जिन्यात काठी आडवी धरून उभे राहिले. "नव्या पिढीचं म्हणतोस. जुन्या पिढीवर आरोप काय ठेवलाय ते आधी सांग. पुरावा काय? बाजू ऐकून घेतली का?" माझी बायको रंदा सगळ्यांत व्यवहारी. ती म्हणाली, "तुला बढती हवी आहे ना? मग लोकांशी बोलू नकोस, काम कर." हा सल्ला चांगला होता. पण अम्मानमध्ये लोकांशी न बोलता जिना चढता येत नाही.

शिक्का आला, थाळ्या सुटल्या आणि तारा ओढायला सबरी नावाचा कारागीर आला. सबरीला आत्मविश्वास फार. भिंतीला कान लावायचा, दोनदा टिचकी मारायचा आणि म्हणायचा, "पोकळ आहे." मग ड्रिल घालायचा. तो आला मंगळवारी. आमच्या भागात मंगळवारी पाणी येतं, आठवड्यातून एकदा. त्या दिवशी सगळी गल्ली टाक्या भरते, कपडे धुते, जिने धुते, आणि कुणी कुणाला फोन करत नाही. न्यायमूर्तींच्या टाकीत त्यांचं आठवड्याचं पाणी चढत होतं. सबरीनं आमच्या छताला टिचकी मारली.

"पोकळ आहे," तो म्हणाला.

पोकळ होतं हे खरं, पण ती पोकळी नळाची होती. न्यायमूर्तींचं आठवड्याचं पाणी आमच्या दावे विभागावर कोसळलं. लोकांचे मूतखडे, गुडघे आणि नाकं तरंगायला लागली. आम्ही सगळे विजारी वर खोचून कागद गोळा करत होतो आणि वरून न्यायमूर्ती ओरडत होते, "माझं पाणी कुणाच्या ताब्यात आहे?"

ओल्या कागदांचं काय करायचं? सित फिर्याल म्हणाल्या, गच्चीवर वाळत घाला. आम्ही घातले. न्यायमूर्तींच्या पायजम्यांशेजारी, चिमट्यांनी, अर्ध्या अम्मानची दुखणी उन्हात फडफडत होती. लोकांची गुपितं जपण्यासाठी आम्ही जे काम काढलं होतं त्याचा हा पहिला टप्पा. संध्याकाळी वर गेलो तेव्हा न्यायमूर्ती चष्मा लावून दोरीपाशी उभे होते. "हा अबू झुहदी भाजीवाला," ते म्हणाले, "मला म्हणाला होता दाढ काढली. दाढेला एवढं बिल?" मी कागद त्यांच्या हातातून काढून घेतला. त्या क्षणी मला या कामाचं महत्त्व खऱ्या अर्थानं पटलं.

पुढं सगळं रीतसर झालं. थाळ्या लागल्या, फोनाफोनांत ओळखपत्रं बसली. अबू रकानच्या फोनात त्यांचं बसलं, पण त्यांचे दोन फोन आहेत हे त्यांनी लपवलं होतं, त्यामुळे एकात ते महाव्यवस्थापक आणि दुसऱ्यात अनोळखी इसम ठरत होते. हजेरीच्या अंगठ्याच्या यंत्राला नवी भाषा येईना, तेव्हा त्याला तार लावून कोपऱ्यात बसवलं. तपासणीची तारीख ठरली. गुरुवारी ऑफिस सुटताना मी जुनं जाळं बंद केलं. एक बटण दाबलं, बस्स.

शुक्रवार, शनिवार सुट्टीचे. रविवारी सकाळी गल्लीत शिरलो तर नुअमाननं सलूनचं दार उघडून मला आत बसवलं. परवाच्या तपासणीसाठी दाढी नीट करायची होतीच. त्यानं फेस लावला, डावा गाल गुळगुळीत केला, वस्तरा पुसला आणि खुर्चीवर बसला.

"उजवा?" मी म्हणालो.

"पासवर्ड?"

"अरे, आता पासवर्ड नाहीये. प्रत्येकाला स्वतःची ओळख लागते."

"मला ओळखत नाहीस तू? मी तुझं जावळ काढलेलं नाही, पण लग्नाची दाढी मी केली होती!"

"नुअमान, मी हंगामी माणूस आहे. नियम माझे नाहीत."

"मग हंगामी दाढी घेऊन जा."

मी अर्ध्या गालानं ऑफिसात गेलो. दिवसभर भिंतीला उजवी बाजू लावून बसलो. घरी येऊन स्वतः वस्तरा चालवला तर कानाखाली कापलं, आणि रंदा म्हणाली की प्रमुखाला असं शोभत नाही. मी म्हटलं, मी प्रमुख नाही. ती म्हणाली, तेच म्हणतेय.

हे सगळं मी सहन केलं. पण दुसऱ्या दिवशी जिन्यात उम्म वदीअ भेटल्या. काळी शाल, हातात टॅब्लेट, उलटा धरलेला.

"बाळा, पोर रुसलीय माझ्यावर," त्या म्हणाल्या. "किती दिवस झाले, दिसत नाही. मी मागच्या वेळी म्हटलं होतं, केस का कापलेस म्हणून. त्याचं लागलं तिला."

"नाही उम्म वदीअ, ती नाही रुसली. आम्हीच बंद केलंय."

"का रे?"

"सुरक्षेसाठी."

"कुणापासून?"

याचं आराखड्यातलं उत्तर मला तोंडपाठ होतं. तिथं त्याला 'बाहेरचा अनधिकृत वापरकर्ता' असं म्हटलंय. ती बाहेरची अनधिकृत वापरकर्ती माझ्यासमोर शालीचं टोक मुठीत धरून उभी होती. मी त्यांना वरपर्यंत पोचवलं आणि खाली येऊन जागेवर बसलो. मला लाज वाटली. पण बटण मी दाबलं नाही, कारण उद्या तपासणी होती आणि माझ्या पाटीवरचा तो शब्द जायचा होता.

तपासनीस आल्या त्या चेर्केसी, म्हणजे कॉकेशसकडून येऊन इथं वसलेल्या लोकांपैकी, होत्या. इंजिनियर जानसेत. उंच, ताठ, शब्द मोजून बोलणाऱ्या. त्यांनी चोर होऊन आत शिरायचा प्रयत्न केला, जमलं नाही. जुना पासवर्ड घालून बघितला, नाही. सित फिर्यालना लाडीगोडी लावून ओळखपत्र मागितलं. सित फिर्याल म्हणाल्या, "माझा नवरा मागतोय, त्यालाच नाही दिलं." जानसेतबाईंनी कागदावर खुणा केल्या. अबू रकानच्या खोलीत त्या सही करायला बसल्या, पेनाचं टोपण काढलं, आणि तेवढ्यात बाहेरून कुणीतरी दार उघडलं.

पुढं न्यायमूर्ती अबू मुनीफ, अंगावर सोनेरी काठाचा झगा, जो ते फक्त लग्नाला आणि निवडणुकीला काढतात. मागून नुअमान, अबू झुहदी भाजीवाला, बेकरीवाले दोघे भाऊ, आणि आणखी अशी माणसं की ज्यांच्यात तो थकलेला सिंह असणार याची मला खात्री आहे. मुलीला मागणी घालायला किंवा खुनाची तडजोड करायला मोठी माणसं जमवून जातात, तशी ही जाहा होती, आणि ती आमच्याकडे वायरलेस मागायला आली होती. जाहेत बायका नसतात. उम्म वदीअ होत्या, कारण त्यांना नको म्हणायची कुणाची छाती झाली नसावी.

अबू रकान ताडकन उठले. दारात जाहा आली की माणूस आधी यजमान होतो, मग बाकीचं. खुर्च्या आल्या, सगळे बसले. कडू कॉफीचं भांडं आलं आणि चिमुकले कप फिरले. जानसेतबाईंनाही एक दिला, मलाही दिला.

न्यायमूर्तींनी आपला कप उचलला, सगळ्यांना दिसेल असा धरला, आणि न पिता पुढच्या टेबलावर ठेवला. त्यांच्यामागून सगळ्यांनी ठेवले.

"अबू रकान," ते म्हणाले, "आम्ही तुझ्या घरी भुकेनं आलो नाही, तहानेनं आलो नाही. तुझ्या थोरल्याच्या नावाचा पासवर्ड आम्ही वर्षानुवर्षं मुलांच्या नावासारखा जिभेवर बाळगला. सुखात दुःखात, फुटबॉलच्या सामन्यात, तुझ्या जाळ्याखाली आम्ही एक कुटुंब होऊन राहिलो. गुरुवारी संध्याकाळी ते तुटलं. आमची मागणी पुरी होईपर्यंत ही कॉफी आम्ही पिणार नाही."

अबू रकानचा हात छातीकडे निघाला. आता ते "प्या, दिलं" म्हणणार, हे मला दिसलं, आणि जानसेतबाईंचं पेन हवेत थांबलेलं दिसलं. मी खोकलो. अबू रकाननी माझ्याकडे बघितलं, पेनाकडे बघितलं, आणि हात खाली घेतला.

"माझ्याकडे काय आहे?" ते म्हणाले. "हे ज्याच्या हातात आहे त्याला विचारा. आमच्या संगणक विभागाचे प्रमुख, इंजिनियर अबू लैथ."

हंगामी म्हटलं नाही! चारचौघांत, जाहेसमोर, नुसतं प्रमुख म्हटलं. माझी छाती फुगली. ती फुगलेली असतानाच लक्षात आलं, की हा मान नव्हे, जळता निखारा माझ्या ओंजळीत टाकलाय.

सगळे माझ्याकडे बघत होते. नुअमान माझ्या कानाखालची जखम बघत होता, धंद्याच्या नजरेनं. उम्म वदीअ टॅब्लेट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी नाही म्हटलं असतं तर करार राहिला असता, सासरे गप्प झाले असते, आणि त्या बाईंना रोज जिन्यात तोंड दाखवावं लागलं असतं.

"प्या," मी म्हणालो. "दिलं."

कुणी पिण्याआधीच टक् असा आवाज झाला. जानसेतबाईंनी आपला कप टेबलावर ठेवला होता. भरलेला.

"मीही पाहुणी आहे," त्या म्हणाल्या. "माझीही एक मागणी आहे."

अबू रकानच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "सांगा, बेटा."

"गल्लीला द्या, पण या कंपनीच्या यंत्रातून नाही, या तारेतून नाही. वेगळी लाइन, वेगळा डबा, खाली जिन्यात. तुमच्या स्वतःच्या नावावर आणि तुमच्या स्वतःच्या खिशातून. मग मी पिईन, आणि मग सही करीन."

सगळ्या जाहेसमोर पाहुण्या बाईला नाही म्हणणारा माणूस अजून अम्मानमध्ये जन्माला यायचाय. अबू रकाननी छातीवर हात ठेवला. "दिलं."

त्या प्यायल्या. सही केली. न्यायमूर्ती प्यायले, त्यांच्यामागून सगळे प्यायले, आणि नुअमान मोठ्यानं म्हणाला की अबू लैथची उजवी बाजू त्याच्याकडून फुकट.

सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मला मोह आवरला नाही. माझ्या हातात माझा कप होता. मी तो टेबलावर ठेवला.

"साहेब," मी म्हणालो, "काम पार पडलं. तो शब्द काढायचं ठरलं होतं."

अबू रकान हसले, आणि ते हसले म्हणून सगळे हसले. "अरे, तू घरचा माणूस! घरच्या माणसानं कॉफी वाटायची असते, खाली ठेवायची नसते. उचल, पी. त्या शब्दाचं बघू की पुढच्या वर्षी. घाई काय आहे?"

मी सित फिर्यालकडे बघितलं. त्या पंख्याकडे बघत होत्या. न्यायमूर्तींनी आपल्या रिकाम्या कपात डोकावलं. "उशीर केलास, अबू लैथ," ते खिन्नपणे म्हणाले. "आमचे संपले." माझे कान तापले. एवढा अपमान माझा सबरीनंसुद्धा केला नव्हता. मी कप उचलायला हात पुढं केला.

"माझा आहे," उम्म वदीअ म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून बघितलं. त्यांच्यापुढं टेबलावर एक कप होता, काठोकाठ भरलेला.

"मला कडू कॉफी सोसत नाही, डॉक्टरनी बंद केलीय, म्हणून तशीच ठेवली होती," त्या म्हणाल्या. "पण ठेवली तर आहे. अबू रकान, मी तुझ्या घरची नाही. या पोराला काय हवंय ते देऊन टाक."

अबू रकाननी दाराकडे बघितलं, छताकडे बघितलं. "उम्म वदीअ, तुम्हाला सोसत नाही तर कशाला…"

"दिलं म्हण, मग मी पिते."

"दिलं," अबू रकान म्हणाले. "दिलं! प्या आता, आणि कुणाचा कप राहिला असेल तर गोळा करा आधी!"

उम्म वदीअंनी डोळे मिटून अख्खा कप संपवला.

वेगळी लाइन आली, डबा जिन्यात लागला. त्याचा पासवर्ड काय ठेवायचा यावर न्यायमूर्तींनी दोन सुनावण्या घेतल्या. पहिल्याच संध्याकाळी मी तिसऱ्या मजल्यावर गेलो आणि टॅब्लेट जोडून दिला. उम्म वदीअ पोटावर गरम पाण्याची पिशवी धरून सोफ्यावर आडव्या झाल्या होत्या. पडद्यावर आखूड केसांची एक मुलगी आली आणि आजीला बघून रडायला लागली. मी उठून जायला निघालो, तर उम्म वदीअंनी माझी बाही धरून मला पडद्यासमोर ओढलं.

"हा बघ, हा आमचा अबू लैथ," त्या म्हणाल्या. "प्रमुख आहे."

"कशाचा प्रमुख, तेता?" नातीनं डोळे पुसत विचारलं.

"ते मला नाही कळत," उम्म वदीअ म्हणाल्या. "पण हंगामी नाहीये."